चार मजल्यांचा दर

दौंड,
ता. ९ मार्च १९७७

प्रिय चांगदेवा,

तुझ्या थोरल्या बहिणीचा सप्रेम जयभीम. घाबरू नकोस, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही, तेव्हा तुझ्या शेजारपाजारच्यांना काही कळायचं नाही. काय दिवस आलेत बघ! एकाच दौंडात राहायचं, तू रुळांच्या अलीकडं, मी पलीकडं, आणि बहिणीनं भावाला तिकीट चिकटवून पत्र टाकायचं. पण तुझ्या घरी आले तर तुझी बायको शेवंता चहा करते खरी, दार लोटून करते. आणि तू नोकरीला आहेस त्या सहकारी सोसायटीच्या बिल्डिंगमध्ये तुला हाक मारायची सोय तू ठेवली नाहीस. मग राहिलं टपाल.

आधी बातमी सांगते. पुण्याच्या ठेकेदाराला घालवला, हे तुला माझ्याआधी कळलं असेल, कागद तुझ्याच टेबलावरून जातात. बिल्डिंगच्या झाडलोटीचे दर सोसायटीनं पुन्हा मागवलेत. तू आमच्या वस्तीतल्या रंगुबाईकडं निरोप धाडलास, की आक्काला म्हणावं, या खेपेला मी नीट टाइप करून देतो. रंगुबाई भोळी, आनंदानं धावत आली सांगायला. मी म्हटलं, त्याला म्हणावं, उपकार पुरे झाले तुझे. दर मी भरला आहे. कसा भरला ते सांगणारच आहे, पण त्याआधी मागच्या वर्षीचं बोलून घेते. तेव्हा तू बोललास आणि मी मुंडी खाली घालून ऐकलं. आज तू ऐक.

बिल्डिंगचा वरचा मजला चढत होता तेव्हापासून माझं तिच्यावर लक्ष होतं. चार मजले! खाली हापिसं, वर बाहेरगावच्या सभासदांना उतरायला खोल्या, सगळ्यात वर लग्नाकार्याचा हॉल. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, काय गं बाई झगमगाट. मला झगमगाट दिसलाच नाही, मला जिने दिसले. तुझे दाजी गेल्यापासून मी थेटर झाडलंय, दोन लॉज झाडलेत. तीनच्या आणि सहाच्या खेळामधे भुईमुगाच्या टरफलांचा जो ढिगारा निघतो, तो ज्यानं उपसला त्याला कुठल्या इमारतीची भीती वाटत नाही. पण सगळीकडं मी नुसती झाडणारी बाई. मालकाच्या मनात आलं तर पगार, नाही आलं तर पुढच्या हप्त्याला बघू. मग मनात आलं, या बिल्डिंगचा ठेकाच आपण घेतला तर? वस्तीतल्या सातआठ बायका, त्यांच्यावर मी, आणि महिन्याच्या महिन्याला आपलं बिल. बिल! नुसता शब्द तोंडात घोळवत होते मी कितीतरी दिवस.

तुझ्याकडं आले. तू बिलांच्याच टेबलावर होतास, तुला यातलं सगळं कळत होतं. रविवारी तू माझ्याकडं आलास, वाकळ टाकून आपण हिशेबाला बसलो. तू विचारलंस, जागा किती चौरस फूट? मी म्हटलं, बाबा, फूट मला कळत नाहीत, बादल्या कळतात. वॉचमनला चहा पाजून मी बिल्डिंग फिरून आले होते. कुठल्या मजल्याला किती बादल्या पाणी लागेल, खालच्या मजल्याला पावसाळ्यात चिखलाच्या किती जास्त, आणि जिन्याच्या कोपऱ्यात पान थुंकणारे कुठं कुठं थुंकतील. कोपऱ्यांचा दर मी वेगळा धरला होता, त्यावर तू पोट धरधरून हसलास. म्हणालास, आक्का, अजून लोक आत आलेबी न्हाईत आन् तू त्यांचं थुकणं मोजतीस व्हय? खराटे, केरसुण्या, पोती, सोडा, फिनेल, दांड्याचे ब्रश, रबरी मोजे, सगळं धरलं. संडासाची पाळी बांधली. प्रत्येकीनं एकेक आठवडा करायचं, त्या आठवड्याला तिचा रोज जास्त, आणि पाळी मलासुद्धा. म्हणजे कुणा एकीच्या कपाळाला संडास चिकटायला नकोत. तू सगळं उतरवून घेतलंस, बेरीज केलीस, आणि पेन्सिल थांबवून म्हणालास, आक्का, यात तुझी मजुरी कुठाय?

आता गं बया! खरंच नव्हती. सगळ्या बायकांची धरली होती, सोड्याच्या पुड्यासुद्धा धरल्या होत्या, माझी तेवढी राहिली होती. तू हसलास, मी पण हसले, पण मला आई आठवली. आपल्या आईनं खुटबावची चावडी झाडली, दुसऱ्यांच्या लग्नात मांडवापुढचं अंगण झाडलं, मेलेलं ढोर ओढायला आबांच्या बरोबरीनं दोराला हात लावला. दर कुणी विचारला नाही आणि तिनं कधी सांगितला नाही. सुगीत खळ्यावर पदर पसरायचा, पडेल ते आपलं. ते खाऊन मी वाढले, मला स्वतःची किंमत लावायची सवय कुठून असणार? तू माझी मजुरी लिहिलीस, आणि सगळ्यांच्या वर लिहिलीस. महिन्याचे नऊशे साठ झाले. मी मनात म्हटलं, दुष्काळात खडी फोडली पण ह्याची फी चुकू दिली नाही, ते वाया गेलं नाही. त्या दिवशी कोंबडीचं कालवण केलं होतं. तू दोनदा मागून घेतलंस.

दर टाइप करून द्यायचा होता. तू म्हणालास, इंग्रजीत करतो, डायरेक्टर लोकांवर वजन पडतं. कागद घेऊन आलास, बोट ठेवलंस तिथं मी सही केली, सहीसाठी चष्मा शोधत बसले नाही. भावानं आणलेल्या कागदावरचे आकडे कोण तपासतं रे? उलट तुझ्या भरवशावर दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही लॉजवर जाऊन सांगून आले, की पहिल्या तारखेपासून दुसरी बाई बघा. रंगुबाई म्हणत होती, आधी ठेका पदरात पडू दे. मी तिलाच वेड्यात काढली. म्हटलं, माझा भाऊ सोसायटीत हाय, त्यानं स्वतःच्या हातानं दर काढलाय, आता कशाला घोर?

दर फोडायच्या दिवशी आम्ही दोघी हॉलमध्ये जाऊन बसलो. जुने हेडक्लार्क एकेक पाकीट फोडायचे, मोठ्यानं नाव वाचायचे, मग आकडा. पुण्याचा ठेकेदार, बाराशे. रंगुबाईनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मग माझं नाव आलं. सतराशे. मला वाटलं, म्हाताऱ्याला चष्म्यातून दिसत नाही. मी उठून उभी राहिले आणि भर सभेत म्हणाले, सायेब, कायतरी चुकतंय, नऊशे साठ हाय. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण थेटरच्या तिकिटांवरून आकडे येतात. सतराशेच होते. एक डायरेक्टर म्हणाला, बाईला बिल्डिंग झाडायची हाय का इकत घ्यायची हाय? सगळा हॉल हसला. तू कोपऱ्यातल्या टेबलाशी होतास. तू हसला नाहीस, तेवढं मी बघितलं. तू टाइपरायटरमधला कागद सरळ करत बसलास, आणि तो चांगला सरळच होता.

त्यानंतरच्या रविवारी तू आलास. बसलासही नाहीस, उंबऱ्यातच उभं राहून म्हणालास, तुझ्या भल्यासाठीच केलं. आपल्या लोकांनी खराटा टाकला तो कायमचा टाकला, बाबासाहेबांनी सांगितलं गावची घाण उचलू नका, आणि तू रबरी शिक्का मारून तीच घाण पुन्हा घरात आणतेस? उद्या समाज काय म्हणेल? तू जयंतीला भाषणं करणारा, माझी चौथीतून शाळा सुटलेली. खरं सांगू, चार दिवस मला वाटलंसुद्धा, की माझंच चुकलं. मग वर्षभर झाडता झाडता मी उत्तर जुळवलं. आई झाडायची तो खराटा तिचा नव्हता, गावाचा होता. तिला नाही म्हणायची सोय नव्हती आणि किती देता असं विचारायची पण सोय नव्हती. मी किती घेणार ते सांगायला निघाले होते. दर माझा, पाळी मी ठरवणार, आणि नाही पटलं तर पोत्यासकट उठून येणार. त्यात तुला आईचा खराटा दिसला? एवढ्या शाळा शिकून तुला एवढाही फरक कळला नाही, असं मला वाटत नाही.

खरं कारण ते नव्हतंच मुळी. तू बिलांच्या टेबलावर होतास. दर महिन्याला मी तुझ्यापुढं येऊन उभी राहिले असते, बिल कुणाचं तर झाडणारीचं, आणि झाडणारी कोण तर तुझी सख्खी बहीण. ओव्हाळाचा तू खुटबावकर झालास. सोसायटीत सगळ्यांना वाटतं, गावाकडं तुमचा बागायती मळा आहे, मांडवावर तोंडली लोंबतात. मी कधी तोंड उघडलं नाही. शिरूरला शिकत होतास तेव्हा खानावळीत तुझं ताट वेगळं ठेवायचे, ते सांगताना तू माझ्या मांडीत तोंड खुपसून रडला होतास. ती धास्ती माणसाच्या अंगातून जात नाही, मला ठाऊक आहे. पण मग सरळ सांगायचं होतंस ना, आक्का, मला लाज वाटते. मी रडले असते, तुला चार शिव्या घातल्या असत्या, पण दर भरला नसता. लॉज तरी राहिले असते माझे. ते करायचं सोडून तू बाबासाहेबांच्या आड लपलास. याचा मला संताप आला, चांगदेवा, आणि अजून तो उतरलेला नाही.

मग काय झालं ते तू रोज बघत होतास. ठेकेदार पुण्याला राहिला, त्याचा मुकादम म्हाळू वस्तीत आला बायका गोळा करायला. लॉजवाल्यांनी माझ्या जागी दुसऱ्या ठेवल्या होत्या, चूल तर पेटवायची होती. मी गेले. ज्या बिल्डिंगचा दर मी काढला, तिथंच रोजावर गेले. बाराशे उचलून तो आमच्यात निम्मेसुद्धा वाटत नव्हता. फिनेल इतकं पातळ की नाकाला पत्ता लागायचा नाही. आणि संडास सगळे आमच्यातल्या सिंधूबाईच्या गळ्यात बांधले, का तर ती उलटून बोलत नाही. एकदा म्हाळूनं तिला उघड्या हातानं तेजाब टाकायला लावलं. उजव्या हाताची कातडी सोलून निघाली. अजून तिला भाकरी थापता येत नाही, तिची म्हातारी सासू थापते आणि वर बोलून दाखवते. दांड्याचे ब्रश आणि रबरी मोजे माझ्या दरात होते रे. तू स्वतः लिहून घेतले होतेस. तिचा हात बघितला की मला म्हाळूचा येत नाही एवढा राग तुझा येतो.

आणि जिन्याचं. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पोटात राहत नाही. दुसऱ्या मजल्याचा जिना पुसत होते. तू दोन साहेबांबरोबर खाली येत होतास. तुला बघून मी आपणहून भिंतीला सरले. वाट होती, बैलगाडी जाईल एवढी वाट होती. तरी तू म्हणालास, बाई, जरा बाजूला व्हा. बाई! आणि वर व्हा! अरे, तू बोलायला लागलास तो पहिला शब्द आक्का. आईच्या आधी तो आला तुला बोलायला, कारण आई दिवसभर गावच्या कामाला आणि तू माझ्या कडेवर. तुझ्या बरोबरचे साहेब तरी मला वळसा घालून गेले. तू ओल्या पायऱ्यांवरून तसाच गेलास. मी पुन्हा पुसून घेतल्या आणि दुपारची भाकरी तशीच बांधलेली घरी आणली.

हॉलमधल्या एका लग्नात संडास तुंबले, वऱ्हाडानं बोंब ठोकली, तेव्हा डायरेक्टरांना जाग आली. त्यात तो ठेकेदार एका डायरेक्टरचा साडू निघाला. त्याला घालवला आणि नवे दर मागवले. मी या खेपेला कचेरीसमोरच्या मारुतरावांकडं गेले, ते छत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसतात ते. म्हटलं, मराठीत टाइप करा आणि ओळ न् ओळ वाचून दाखवा. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून मगच मी पुढं जाऊ दिलं. भाव वाढलेत, दर वाढलाय, मोजे दुप्पट धरलेत. माझी मजुरी पहिल्या ओळीत घातली, तेवढं मी तुझ्याकडून शिकले, नाही कशाला म्हणू? सिंधूबाईला संडासाची पाळी नाही, तिला चाव्या आणि सामानाचं काम. मिळेल असा दर आहे. खाऊन-पिऊन आठ घरं त्यावर सुखानं राहतील.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. साडूच्या भानगडीपासून सोसायटीनं नवी अट घातली आहे, दर भरणाऱ्याचं कुणी नात्याचं सोसायटीत नोकरीला असेल तर तसं लिहायचं. मारुतरावांनी विचारलं, हाय का कुणी? मी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हटलं, हाय, लिहा. नातं असलं म्हणून दर बाद होत नाही, लपवलं तर होतो. पण ते मोठ्यानं वाचतात, आणि ज्याचं नाव असेल त्याला समोर विचारतात, खरं का म्हणून. जुने हेडक्लार्क घरी बसले, सोमवारी पाकिटं तू फोडणार. माझ्या पाकिटात लिहिलंय, चांगदेव कोंडिबा ओव्हाळ, हल्ली खुटबावकर, हेडक्लार्क, सख्खा धाकटा भाऊ. हे तुला भर सभेत वाचता वाचता कळू नये, तुझा आवाज तिथं चिरकू नये, म्हणून हे पत्र. यात सूड नाही असं मी म्हणणार नाही, थोडा आहेच. पण नुसता सूड असता तर तुला आधी कळवलं नसतं. रजा टाकलीस तर दुसरा कुणी वाचेल आणि तुला मंगळवारी विचारतील. तू नाही म्हणालास तर मी खोटी ठरेन, ठेका जाईल, आणि या आठ जणी पुन्हा कुणातरी म्हाळूच्या हाताखाली जातील. मला काही समजावून सांगू नकोस, माफीबिफी मागायला येऊ नकोस. सोमवारी विचारतील तेव्हा होय म्हण. म्हणताना माझ्याकडं बघितलं नाहीस तरी चालेल.

अजून तरी तुझीच,
आक्का